पितृपक्षातला वाढदिवस

सध्या काय करता, असं कुणी विचारलं की मी सांगते, लोकांचे वाढदिवस शोधते. समोरचा माणूस जरा चपापतो. बँकेतून निवृत्त झालेल्या बाईनं एकतर नातवंडं सांभाळावीत, नाहीतर गुडघे. माझी नातवंडं हैदराबादला आहेत आणि गुडघे अजून शाबूत आहेत, तेव्हा मी काशीत, दूधविनायकाच्या गल्लीतल्या एका इंटरनेट कंपनीत नोकरी करते. कंपनीचं नाव मुद्दामच लिहीत नाही. दिवाळी अंकात फुकटची जाहिरात उरकून घेतली, असं संपादकांना वाटायला नको.

कंपनी म्हटल्यावर काचेची इमारत डोळ्यांपुढे आणू नका. पूर्वी साड्यांचे गठ्ठे ठेवायची ती एक खोली आहे. आत दोन संगणक, एक प्रिंटर, पुठ्ठ्याच्या खोक्यांची चळत, आणि दारात बहुतेक वेळा एक गाय. गाय हलली की आत जायचं, तोवर बाहेर उभं राहून गप्पा मारायच्या. आमच्याकडे कामाची वेळ अशी ठरते.

मालकीण शिवांगी मिश्रा. माझ्या मुलीची शाळेतली मैत्रीण. तिचं निम्मं लहानपण आमच्या स्वयंपाकघरात गेलं, त्यामुळे घरची हिंदी बोलणारी असूनही ती मला ‘काकू’ म्हणते आणि वरणफळं आवडीनं खाते. इंजिनीयर झाली, बाहेरगावी नोकरी केली, आणि एक दिवस परत येऊन माझ्या ओट्याशी उभी राहिली. म्हणाली, “काकू, दादी का जन्मदिन किसी को पता ही नहीं है. बस तिथि पता है.”

कल्पना तिथूनच निघाली. आपल्याकडच्या म्हाताऱ्या माणसांची जन्मतारीख बहुधा शाळेतल्या गुरुजींनी प्रवेशाच्या दिवशी ठोकून दिलेली असते. खरा वाढदिवस तिथीनं. आई सांगायची, तू नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशीची, किंवा होळीची राख गरम होती तेव्हाची. मुलं दूरदेशी, त्यांच्या मोबाइलला तिथी कळत नाही. शिवांगीची कंपनी ती तिथी यंदा कोणत्या तारखेला येते ते शोधते आणि त्या दिवशी सकाळी आईवडिलांच्या दारात डबा पोचवते. डब्यात काशीचे लाल पेढे, बेसनाचे लाडू, छोटं निरांजन, फुलवाती, कुंकू, अक्षता, सुपारी. थोडक्यात, औक्षणाचं सगळं. ओवाळणारं माणूस मात्र ज्याचं त्यानं आणायचं.

सुरुवातीला तिथ्या काढायचं काम माझ्याकडे होतं. बाहेरच्या माणसाला हे सोपं वाटतं. पंचांग उघडायचं, बघायचं, झालं. पण तिथी काही आपल्या सोयीनं पहाटे सुरू होऊन रात्री संपत नाही. ती भर दुपारी बदलते, कधी एखादी गायबच होते, कधी एकच दोन दिवस मुक्काम करते. एका घरी जुळे भाऊ होते. पहिला जन्मला तेव्हा अष्टमी होती, दुसरा बाहेर येईपर्यंत नवमी लागली. दोघेही सत्तरी उलटलेले, एकाच घरात राहणारे, आणि दोघांनाही स्वतंत्र डबा हवा होता, वेगवेगळ्या दिवशी. धाकट्यानं मला फोनवर सांगितलं, “बाई, जन्मभर त्याच्या वाढदिवसात माझा उरकला. आता तुम्ही तरी न्याय करा.” मी केला. थोरल्यानं मग तक्रार केली की धाकट्याच्या डब्यात पेढे जास्त आहेत.

नागपूरचे एक गृहस्थ अधिक महिन्यात जन्मलेले. अधिक महिना काही दरवर्षी येत नाही, त्यामुळे पुढे यंत्र आलं तेव्हा त्यानं त्यांचं नाव मुकाट्यानं बाजूला ठेवलं. त्यांचा फोन आला, “तुमचं यंत्र मला जन्मलेलाच धरत नाही का?” आमच्या ह्यांनी, म्हणजे माझ्या यजमानांनी, तोडगा काढला की साध्या वर्षी नेहमीचा महिना धरावा. हे संस्कृतचे निवृत्त शिक्षक. आमच्याकडे बिनपगारी सल्लागार आहेत, चहावर काम भागतं.

तर यंत्राविषयी. मला यंत्रांचा राग नाही हे आधीच सांगून टाकते. आमच्या बँकेत संगणक आले तेव्हा कितीतरी सहकाऱ्यांनी सुतक पाळल्यासारखी तोंडं केली होती. मी नव्हती केली. हातानं व्याज काढण्यात माझी उमेदीची वर्षं गेली आणि त्यात काव्य आहे असं मला कधी वाटलं नाही. काम यंत्र करतंय आणि आपण चहा पितोय, यात लाज वाटण्यासारखं काय आहे ते मला आजही कळत नाही.

म्हणून शिवांगीच्या मागे मीच लागले. आमचा सगळा दिवस बिनडोक कामात जायचा. हलवायाला उद्याचे डबे किती ते कळवा, पत्ते हातानं लिहा, कुरियरवाल्याला बोलवा, मग अमेरिकेतला मुलगा विचारतो डबा कुठे पोचला, त्याला उत्तर द्या, तोवर दुबईतली मुलगी तेच विचारते. धंदा वाढला असता तर चार माणसं नेमावी लागली असती, आणि त्यांचे पगार काढण्यातच धंदा बुडाला असता. गिऱ्हाईक वाढलं की नुकसान वाढायचं, असा आमचा उलटा व्यापार होता.

मग अभिषेक आला. काशीतल्याच लंका भागातला मुलगा, सडसडीत, बोलणं कमी, तेही तोंडात पान नसेल तर. त्यानं दोन-तीन महिने बसून असं काही लिहिलं की सगळं आपोआप होऊ लागलं. तिथी यंत्र काढतं, डबे भरायच्या आदल्या दिवशी हलवायाच्या मोबाइलवर आकडा जातो, सकाळी प्रिंटर स्वतःच पत्त्यांच्या चिठ्ठ्या छापतो, कुरियरवाला न बोलावता येतो, आणि डबा दारात पोचला की मुलाला निरोप जातो, तुमच्या आईला डबा मिळाला. आम्ही फक्त डबे भरायचे. पहिल्या सकाळी प्रिंटर आपला आपण सुरू झाला तेव्हा मी त्याला हळदकुंकू लावायला गेले. अभिषेक म्हणाला, “काकू, कागज़ फँस जाएगा.” मी बाजूला, प्लास्टिकवर लावलं.

एक गोष्ट मनाला लागली, तीही सांगते. समोरच्या घरातली सून शिकलेली, चुणचुणीत. कंपनीत काही काम आहे का विचारायला आली होती. यंत्र येण्याआधी असतं. तिला नाही म्हणताना शिवांगीनं माझ्याकडे बघितलं आणि मी खोक्यांकडे बघितलं. ती सून आता रोज सकाळी दारात रांगोळी काढताना आमच्या प्रिंटरचा आवाज ऐकते. मला त्याचं वाईट वाटतं. पण तेव्हा कंपनीच टिकते की नाही हा प्रश्न होता.

कारण शिवांगीकडची गंगाजळी संपत आली होती. दिवाळीपर्यंत कसंबसं निभेल, पुढे नाही. तिच्या वडिलांनी तिच्यासाठी बंगळुरूला एक नोकरी बघूनही ठेवली होती. ते लोक तिच्या होकारासाठी दिवाळीनंतर थोडे दिवस थांबणार होते. शिवांगी वरवर हसायची, पण रोज जाताना खोलीकडे असं बघायची की मलाच कसंतरी व्हायचं. आणि नेमकी त्याच वेळी सांगलीहून विचारणा आली.

तिथल्या एका ज्येष्ठ नागरिक मंडळाला आपल्या सगळ्या सभासदांचे वाढदिवस तिथीनं साजरे करायचे होते. मंडळ मोठं. ते काम मिळालं तर कंपनी पायावर उभी राहील, आणि यंत्र असल्यामुळे ते परवडणारही होतं. मंडळाच्या अध्यक्षा प्रमिलाताई, निवृत्त मुख्याध्यापिका, ऐंशी ओलांडलेल्या. त्यांनी फोनवर एकच सांगितलं, “आधी माझा डबा येऊ दे. मग बघू.” आणि मोबाइलवर स्वतःच आपली माहिती भरली. आश्विन कृष्ण द्वादशी. म्हणजे आपली वसुबारस.

यंत्र गणपतीत सुरू झालं होतं. शुद्ध पक्षभर एकही चूक नाही. डबे जात होते, लोक खूश होत होते. मी तर त्या दिवसांत दुपारची झोपही काढू लागले होते. मग पितृपक्ष लागला.

पितृपक्षात आमच्या काशीत गर्दी उसळते. देशभरातून लोक आपापल्या गेलेल्यांसाठी येतात. गल्लीतून चालताना दर्भ, तीळ आणि मुंडण केलेली डोकी, दुसरं काही दिसत नाही. अशात एका दुपारी शिवांगी संगणकासमोर बसली होती. मी डबे भरत होते. तिनं पडदा माझ्याकडे वळवला. मराठीत निरोप होता.

“वाढदिवसाचा पहिला डबा पितृपक्षातल्या द्वादशीला आला. चुकून आला असेल असं समजून नाराजी तेवढी कळवली. आज सर्वपित्रीला दुसरा आला, शतायुषी व्हा असं लिहून. तुम्हाला मला काही सुचवायचं आहे का? प्रमिला.”

शिवांगीला मराठी समजते. ती म्हणाली, “काकू, पितृपक्ष में बर्थडे?” आणि डोकं धरून बसली.

अभिषेकला बोलावलं. तो भरलेली माहिती दाखवू लागला. “आश्विन कृष्ण द्वादशी लिखा है न? वही तो थी. मशीन ने ग़लत क्या किया?” आणि त्याच्या दृष्टीनं खरंच काही चुकलं नव्हतं. उत्तरेत महिना पौर्णिमेला संपतो, आपल्याकडे अमावास्येला. त्यामुळे शुद्ध पक्षात दोघांचा महिना एक, पण वद्य पक्ष लागला की इथले लोक नावानं एक महिना पुढे जातात. आपला भाद्रपद वद्य, म्हणजे पितृपक्ष, तो इथला आश्विन कृष्ण. जन्माष्टमीला माझ्या घरात श्रावण असतो आणि दारात भादो, म्हणजे भाद्रपद. पिढ्यान्‌पिढ्या काशीत राहिलेली आम्ही मराठी माणसं उंबरा ओलांडताना महिना बदलतो, आणि ते इतकं अंगवळणी पडलेलं आहे की कुणाला सांगायचं असतं हेही सुचत नाही. अभिषेकनं आपल्या आजीचं पंचांग यंत्रात घातलं. प्रमिलाताईंनी आपल्या आईची तिथी भरली. दोघंही आपापल्या घरी बरोबर होते.

“और दूसरा डिब्बा?” शिवांगीनं विचारलं.

अभिषेकनं मान खाली घातली. गिऱ्हाईकानं नाराजीचं बटण दाबलं की कुणालाही न विचारता दिलगिरीचा दुसरा डबा तातडीच्या कुरियरनं पाठवायचा, असंही त्यानं यंत्राला शिकवलं होतं. माणसाला विचारण्यात वेळ जातो, वेळेला पैसा पडतो, हा आमचाच विचार. प्रमिलाताईंनी रागाचं बटण दाबलं, आणि यंत्रानं तत्परतेनं त्यांना पितरांच्या रांगेत पुन्हा एकदा नेऊन बसवलं.

मला हसू येत होतं आणि शिवांगीकडे बघून ते गिळावंही लागत होतं. ती म्हणाली, “गया काकू. सांगली गया. मैं पापा को हाँ बोल देती हूँ.”

“थांब जरा,” मी म्हटलं. “शिव्या मला खाऊ दे आधी. मराठीतल्या आहेत, तुला पुरत्या कळायच्याही नाहीत.” आणि फोन लावला.

पलीकडून खणखणीत आवाज आला. “कोण?”

“नमस्कार, मी काशीहून बोलतेय. डब्यांच्या कंपनीतून.”

“काशीहून ना? मला वाटलं पितृलोकातून.”

माझ्या सगळ्या तयार केलेल्या वाक्यांची दाणादाण उडाली. मी क्षमा मागितली, महिन्यांचा घोळ सांगितला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मुख्याध्यापिकांचं ते शांत ऐकणं म्हणजे काय असतं ते शाळेत गेलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. मग म्हणाल्या, “झालं तुमचं? आता माझं ऐका. सून म्हणाली, अशुभ आहे, टाकून द्या. मी म्हटलं, अन्न आहे, टाकायचं नाही. गच्चीवर पितरांचं पान ठेवलं होतं, त्यात तुमचा लाडू ठेवला. कावळा आला. भात खाल्ला, वडा खाल्ला, खीरसुद्धा खाल्ली. लाडवाला चोच लावली नाही.”

“अहो, शिळा नव्हता हो,” मी घाईघाईनं म्हटलं.

“शिळा नव्हता. मी दुसरा खाल्ला की. चांगला होता. पण माझ्या नावानं आलेला लाडू, आणि कावळा शिवत नाही, म्हटल्यावर मी विचारात पडले. आपली काय इच्छा राहिली असेल?” उत्तरही त्यांनीच दिलं. “काशी राहिलीय हो माझी. मुलींच्या सहली साऱ्या राज्यात नेल्या, स्वतःसाठी म्हणून कुठे गेले नाही. पुढच्या वर्षी, पुढच्या वर्षी, करत इथवर आले. तर मी येते. वसुबारसेला, माझ्या खऱ्या वाढदिवसाला. ते तुमचं यंत्र मला दाखवा. मंडळाचं काय करायचं ते बघून ठरवीन.”

फोन ठेवला तेव्हा शिवांगी आणि अभिषेक माझ्या तोंडाकडे बघत होते. मी म्हटलं, “वो आ रही हैं.”

“शिकायत करने?” अभिषेकनं विचारलं.

“परीक्षा लेने.”

नवरात्रभर तो पोरगा यंत्राला चिकटून बसला. अडचण अशी की गिऱ्हाईकाला विचारायचं काय. तुमचा महिना अमावास्येला संपतो की पौर्णिमेला, असं विचारलं तर निम्मे लोक पळून जातील. मराठी आडनावावरून ठरवावं तर आमच्यासारखे काशीतले मराठी आहेत, आणि गुजराती, तेलुगू, कन्नड माणसंही आपल्याच बाजूची. अभिषेकनं दोन दिवस पान खाल्लं नाही. तिसऱ्या दिवशी तो आमच्या घरी आला आणि ह्यांना विचारलं, “बाबूजी, आप लोगों की दीपावली में लक्ष्मी-पूजा किस महीने की अमावस्या को होती है?” हे म्हणाले, आश्विन. तो म्हणाला, “हमारे यहाँ कार्तिक. बस, यही पूछेंगे.” प्रश्न एकच, तोही असा की ज्याचं उत्तर देताना आजीबाईलासुद्धा आनंद व्हावा. ह्यांनी त्याची पाठ थोपटली आणि मी त्याला वरणफळं वाढली. दिलगिरीचा डबा पाठवायच्या आधी आता यंत्र मला विचारतं. तेवढं एक विचारणं आम्ही परत आणलं.

वसुबारसेला प्रमिलाताई आल्या. मंडळातल्या दोन मैत्रिणी बरोबर होत्या. काठी हातात, पण ती टेकवण्यापेक्षा दाखवायलाच जास्त. आम्ही पहाटेपासून खोली झाडून सज्ज. त्या गल्लीच्या तोंडाशी पोचल्या तोच त्यांच्या मोबाइलवर आमच्या यंत्राचा निरोप आला, आज आश्विन वद्य द्वादशी, वाढदिवसाच्या शुभेच्छा. त्यांनी चष्मा लावून वाचला, तारीख पाहिली, आणि मोबाइल पिशवीत ठेवला.

वसुबारस म्हणजे गायवासराची पूजा. सांगलीच्या बायकांना काळजी होती की परगावी सवत्स धेनू कुठे मिळणार. काशीत ही काळजी करायची नसते. आमच्या दारात ती आधीच आडवी उभी होती, शेजारी वासरू. त्यांनी तिथेच पूजा केली. गायीनं कुंकू लावून घेतलं, नैवेद्य खाल्ला, आणि शिवांगीनं कौतुकानं दारावर लावलेलं आंब्याच्या पानांचं तोरणही खाल्लं. मग हलली.

आत आल्यावर परीक्षा सुरू झाली. प्रमिलाताई खुर्चीवर बसल्या, अभिषेक उभा. त्या एकेक तिथी सांगत, तो भरत असे, पडद्यावर तारीख येई, आणि त्यांची मैत्रीण पिशवीतल्या पंचांगात पडताळून मान डोलवी. वद्यातल्या सगळ्या तिथ्या त्यांनी मुद्दाम विचारल्या. मध्येच उत्तरेकडच्या माणसाची म्हणून एक विचारली. तीही बरोबर आली. अभिषेकला असं वर्गातल्या पोरासारखं अंग चोरून उभं राहिलेलं मी पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. सगळं झाल्यावर त्या म्हणाल्या, “बस आता. उभा किती वेळ राहशील?” मी ते हिंदीत सांगण्याआधीच तो बसला होता.

मग आम्ही त्यांना ओवाळलं. आधी मी, मग शिवांगीनं. तिनं पहिल्यांदाच कुणाला ओवाळलं असावं, तबक कुठल्या बाजूनं फिरवायचं ते माझ्याकडे बघून ठरवत होती. प्रमिलाताईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. पण मंडळाविषयी अवाक्षर काढलं नाही. शिवांगीनंही विचारलं नाही, ती तशी मानी आहे.

दुपारनंतर मी त्यांना नावेतून अहिल्याबाई घाटावर घेऊन गेले. त्यांच्या मैत्रिणी देवळांकडे वळल्या होत्या, ह्यांना वाट दाखवायला बरोबर घेऊन. आम्ही दोघीच पायऱ्यांवर बसलो. ऊन उतरलं होतं. खाली बायका अंघोळी करत होत्या, एक पोहणारा म्हातारा पाण्यातूनच कुणाशी तरी भांडत होता. मी दर थोड्या वेळानं मोबाइल काढून बघत होते. दिवाळीचे दिवस, डब्यांची झुंबड, आणि मी इथे. बँकेत असताना दिवाळीच्या आठवड्यात मला कधी ऊन दिसलं नव्हतं.

“सारखं काय बघताय?” प्रमिलाताईंनी विचारलं.

“डबे गेले की नाही ते.”

“मग, जाताहेत का?”

मी पाहिलं. जात होते. हलवायाला आकडा पोचला होता, कुरियरवाला येऊन गेला होता, कुणाच्या तरी दुबईतल्या मुलीला निरोपही गेला होता. माझ्यावाचून काहीही अडलं नव्हतं.

“जाताहेत,” मी म्हटलं.

“मग बसा की.”

मी मोबाइल पर्समध्ये टाकला आणि बसले. त्या क्षणी मला इतकं हलकं वाटलं की सांगता येत नाही. आम्ही खूप बोललो. त्यांच्या शाळेचं, माझ्या बँकेचं, सुनांचं, लेकींचं. बोलता बोलता त्यांनी माझा जन्म कधीचा ते विचारलं. मी म्हटलं, “कार्तिक शुद्ध दशमी. शुद्धातली आहे, दोन्हीकडे एकच, भांडण नाही.” त्या हसल्या. दुसऱ्या दिवशी गाडीत बसताना म्हणाल्या, “मंडळापुढे विषय ठेवते. एकटीच्या मनावर नसतं आमच्याकडे.” यातून काय समजायचं ते आम्हाला कळलं नाही.

दिवाळी झाली, भाऊबीज झाली. सांगलीहून काही नाही. बंगळुरूवाल्यांची मुदत भरत आली तशी शिवांगी खोलीतल्या वस्तू आवरू लागली. जुनी बिलं फाडली, खोकी नीट रचली. मला म्हणाली, “काकू, कंप्यूटर आप रख लीजिएगा.” मी तिच्यावर रागावले. रागावण्यासारखं ती काहीच बोलली नव्हती.

त्याच सकाळी प्रिंटर सुरू झाला. आम्हाला वाटलं, रोजच्या चिठ्ठ्या. पण चिठ्ठ्या नव्हत्या. नवीन नाव नोंदलं गेलं की यंत्र त्या माणसासाठी स्वागताचं एक कार्ड छापतं, त्यावर नाव आणि यंदाची तारीख. तसं एक कार्ड आलं, सांगलीचं. मग दुसरं, तेही सांगलीचं. मग तिसरं. आमची सगळी नोंदणी माणसावाचून होते, त्यामुळे फोन नाही, पत्र नाही, कुणी कळवायला आलं नाही. मंडळानं आपल्या घरी बसून सगळी नावं भरून टाकली होती. कागद संपला, अभिषेकनं नवीन घातला, प्रिंटर पुन्हा सुरू. शिवांगी एकेक कार्ड हातात घेऊन वाचत होती आणि तिच्या डोळ्यांतून घळघळा पाणी वाहत होतं. मग तिनं वडिलांना फोन लावला. “पापा, बेंगलुरु वालों को मना कर दीजिए. नहीं, सोच लिया है. पीछे ये जो आवाज़ आ रही है न, सुनिए.” आणि फोन प्रिंटरजवळ धरला.

शेवटचं कार्ड अभिषेकनं उचललं, वाचलं आणि माझ्या हातात दिलं. त्यावर माझं नाव होतं. पत्ता दूधविनायक, वाराणसी. कार्तिक शुद्ध दशमी. डबा पाठवणार, प्रमिला, सांगली.

तो डबा मीच भरला, चिठ्ठीही मीच चिकटवली. सरळ घरी घेऊन जाते म्हटलं तर अभिषेक ऐकेना, यंत्रात तसं बसत नाही म्हणे. तेव्हा तो डबा कुरियरच्या पोत्यातून शहराबाहेरच्या गोदामात गेला आणि दशमीला सकाळी परत आमच्याच गल्लीत आला. कुरियरवाला फोनवर म्हणत होता, “माताजी, मकान मिल नहीं रहा है.” मी खिडकीतून त्याला हाक मारली आणि खाली जाऊन डबा घेतला.

वर आले तर हे धुतलेलं धोतर नेसून पाटासमोर उभे. डबा पोचला की ओवाळणाऱ्याच्या मोबाइलवर यंत्र कसं ओवाळायचं त्याच्या क्रमवार सूचना पाठवतं, आणि प्रमिलाताईंनी ओवाळणारा म्हणून ह्यांचा नंबर दिला होता. लेक लांब, घरात दुसरं बाईमाणूस नाही. मी म्हटलं, “अहो, पुरुष कुठे ओवाळतात का?” हे म्हणाले, “इथे तसं काही लिहिलेलं नाही. बस पाटावर.”

एका हातात मोबाइल, दुसऱ्या हातात तबक. वाचायचे, मग करायचे. कुंकू लावलं ते जरा नाकावर आलं. अक्षता टाकल्या. सुपारी ओवाळली. निरांजन फिरवताना चष्म्यावर उजेड पडून त्यांना पुढचं वाचता येईना, तर तसेच थांबले, तबक माझ्या तोंडासमोर धरून. माझी आई गेल्यापासून मला कुणी ओवाळलं नव्हतं. मी रडते आहे असं त्यांना वाटू नये म्हणून मी तबकातला पेढा उचलून तोंडात टाकला, आणि ते म्हणाले, “थांब, ते शेवटी आहे.”